खूण नसलेला बारावा तुकडा

१४ जून १९९९, सोमवार

आल्या एकदाच्या टेप! कारखान्याच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या नव्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या. खोक्यावर परदेशी शिक्के, आत एवढाल्या पुस्तिका, आणि बारवकर साहेबांचा चेहरा असा की जणू घरात नवी सून आली. मला म्हणाले, सुषमाबाई, पंधरा ऑगस्टच्या सुट्टीत मशीन नव्या सिस्टीमवर गेलं पाहिजे. दोन हजार साल तोंडावर आलंय, जुनी सिस्टीम त्या सालात टिकायची नाही.

टिकायची नाही हे खरं. पण जुनी काढायची म्हणजे नुसती टेप चढवायची नाही. गेल्या पंधरा वर्षांत आमच्या बाटल्यांच्या कारखान्याने त्या सिस्टीममध्ये आपले स्वतःचे तुकडे घुसवलेत. सिस्टीम काम करताना ठराविक जागी थांबते आणि विचारते, इथे तुमचं काही आहे का? असलं तर आपला तुकडा चालवते, नसलं तर पुढे जाते. असे अकरा तुकडे आहेत. माझ्या आधी हे काम बघणाऱ्या मारुतराव आप्पांनी लिहिलेले. ते सगळे नव्या घरात नांदवायचे — माझं काम!

कालच धोंड्याचा महिना संपला. माहेरी केंदूरला ह्यांना धोंडे खाऊ घातले, आईने इतका आग्रह केला की अजून ह्यांचं पोट बिघडलेलं आहे. मी मात्र ताजीतवानी. भीती वाटते आहे, पण चांगली वाटते आहे.

१९ जून

अकरापैकी चार तुकडे फेकून देता येतील! नवी सिस्टीम ती कामं स्वतःच करते. आप्पा नेहमी सांगायचे, आपला तुकडा काढता आला की पेढे वाटावेत. आपण लिहिलेलं प्रत्येक वाक्य पुढच्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं असतं.

पुढचा माणूस मीच निघाले.

पण ओझं तरी किती नीट बांधून दिलंय! आप्पांची प्रत्येक ओळ शेजारच्या खुणेवरून ओळखू येते. खुणेपुढे तारीख, तारखेपुढे कारण. ही युक्ती खरं तर आमच्या घरातली. मी शिकाऊ असताना त्यांना सांगितलं होतं की आजोबा मेंढरांच्या कानाला काप द्यायचे, दुसऱ्याच्या कळपात गेलं तरी आपलं ओळखू यावं म्हणून. आप्पा खूप हसले आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक ओळीला काप द्यायला लागले. मोठा माणूस. स्वतः पाटलाच्या घरचे, पण धनगराच्या पोरीकडून शिकायला लाजले नाहीत.

२८ जून

घोळ! आप्पांच्या वहीत अकरा तुकडे. मशीनमध्ये बारा.

बारावा बारकुसा आहे. त्याला खूण नाही. वहीत नोंद नाही. मूळ लिखाण कुठेच नाही, नुसता मशीनला कळणारा आकड्यांचा गोळा. हनुमंतला — आमचा ऑपरेटर, बोलायला सुरुवात केली की थांबत नाही — विचारलं. त्याला काहीच माहीत नव्हतं, तरी अर्धा तास बोलला.

२ जुलै

तीन दिवस आकडे उलगडत बसले. कागदावर, पेन्सिलीने, आप्पांनी शिकवलं तसं. आणि जमलं! आज दुपारी डबा खाताना स्वतःवरच खूश होते.

तुकडा एवढंच करतो: आजची तारीख एका यादीत शोधतो. सापडली, तर दौंडच्या लाइनवरून येणारं प्रत्येक काम रोखून ठेवतो. ऑपरेटरने हाताने सोडेपर्यंत हलू देत नाही. यादीत तेरा तारखा, वर्षाला एक. मशीन तारीख लिहितं ती साल आणि वर्षातला कितवा दिवस अशी — ९७चा २८३वा, ९८चा २७३वा, ९९चा २९१वा. तो शेवटचा. त्यापुढे रिकामं.

दौंडचंच काम का? बाटल्यांचा माल तिथून रेल्वेने जातो, तिथल्या ऑफिसातून पाठवणीचे कागद मागवतात, ते इथे छापले जातात. त्यात अडवण्यासारखं काय आहे? मी स्वतः तिथे होते की! बारावी झाल्यावर पहिली नोकरी दौंडलाच, टर्मिनलवर कामं भरून इकडच्या मशीनला पाठवायची. पाच महिने केली. दिवाळीच्या आधी आप्पा तिथे आले, बराच वेळ आमच्या पाठीमागे उभे राहून काम बघितलं, आणि मला म्हणाले, शिरूरला येतेस का, खरं काम शिकवतो. ते बोलले नसते तर आज मी कुठे असते कोण जाणे.

५ जुलै

आप्पांना फोन लावला. दौंडलाच राहतात, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. आवाज खणखणीत. बाराव्या तुकड्याचं विचारलं. म्हणाले, तो माझाच. काढू नको. मी विचारलं, का? म्हणाले, काढू नको म्हणालो ना. आणि गाईला पाणी दाखवायचंय म्हणून फोन ठेवला.

आप्पा आणि कारण सांगत नाहीत? सूर्य पश्चिमेला उगवला.

६ जुलै

बारवकर साहेबांचा मुद्दा सरळ आहे. कारण नाही, खूण नाही, मूळ लिखाण नाही, यादीत एकच तारीख उरली आहे — असलं लोढणं नव्या सिस्टीमच्या गळ्यात कशाला? साठ्याच्या मोजणीचे दिवस असतील म्हणाले. आणि चुकूनमाकून त्याने भलत्याच दिवशी दौंडचा माल अडवला तर वॅगनी रिकाम्या जातील.

साहेबांचं ऐकलं. काढला.

आप्पांना कळवलं नाही. धीर झाला नाही.

१५ ऑगस्ट, रविवार

झालं! सकाळी नऊला झेंडावंदन, साडेनऊला मशीन खाली, दुपारी तीन वाजता नव्या सिस्टीमवर वर! सातही तुकडे जागच्या जागी बसले. एक रुसला होता, नव्या सिस्टीमने एक आकडा दुसऱ्या जागी हलवला होता आणि तुकडा जुन्याच जागी शोधत होता. जागा दुरुस्त केली, पळायला लागला.

हनुमंतने सगळ्यांना मिसळ आणली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. फाटकावर भैरूमामांनी सलाम ठोकला — आमचे पहारेकरी, उजव्या हाताला दोन बोटं कमी, पण सलाम असा की फौजेतल्यांनी शिकावा. "मॅडम, जिंकली म्हनं लढाई?" म्हणाले. त्यांची बोटं म्हणे पूर्वी कडबाकुट्टीत गेली. त्यांनीच सांगितलं होतं एकदा.

घरी आले तर सासूबाईंनी पुरणपोळी केलेली. सण नाही वार नाही. म्हणाल्या, तुझं काय ते मशीन चालू झालं ना, मग! मला एकदम रडू आलं. माझ्या कामातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण तेरा वर्षांत एकदाही म्हणाल्या नाहीत की सोड नोकरी.

३ सप्टेंबर

सगळं सुरळीत. कुठेही कुरकुर नाही. तरी बारावा तुकडा अधूनमधून डोक्यात येतो, दातात अडकलेल्या सुपारीसारखा.

९ ऑक्टोबर, शनिवार

आज सापडलं! आधी लिहून ठेवते.

उद्या घट बसायचे. सासूबाई परडी पुसत होत्या, मला म्हणाल्या, "कॅलेंडर बघ गं, खंडेनवमी कवा हाय?" मी बघून सांगितलं, अठरा तारखेला. "लई लांबली यंदा. धोंडा आला ना, त्यानं समदे सण फुडं ढकलले. गेल्या साली सप्टेंबरातच झाली व्हती."

सणाचं गणित. एक वर्ष दहा दिवस मागे, पुढच्या वर्षी अठरा दिवस पुढे. दोनशे त्र्याऐंशी, दोनशे त्र्याहत्तर, दोनशे एक्याण्णव. तिथेच जमिनीवर बसून बोटांवर दिवस मोजले. अठरा ऑक्टोबर म्हणजे वर्षातला दोनशे एक्याण्णवावा! सासूबाई जुनी कॅलेंडरं फडताळात डब्यांखाली घालतात. सगळे डबे खाली काढले. सत्त्याण्णवची खंडेनवमी दहा ऑक्टोबर. अठ्ठ्याण्णवची तीस सप्टेंबर. दोन्ही बरोबर.

मराठी घरातली बाई मी, आणि तीन दिवस पेन्सिल घेऊन बसले तरी मला हे दिसलं नाही! आकड्यांच्या वेषात सण समोर उभा होता.

पण खंडेनवमीला दौंडचं काम का रोखायचं? आणि मी तो तुकडा काढून टाकलाय. नऊ दिवस उरलेत.

उद्या दौंडला जाणार. घट बसायच्या दिवशी सुनेने बाहेर जायचं म्हणजे — सासूबाईंना भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, "देवी काय पळून जात न्हाई. तू जाऊन ये."

१० ऑक्टोबर, रविवार

न्हावऱ्यावरून चौफुल्याला, तिथे गाडी बदलून दौंड. अकराला पोचले. आप्पा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. मी पाया पडले आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं — आप्पा, तुकडा काढलाय, चुकले. रागावले नाहीत. काकूंना चहा टाकायला सांगितला आणि शेंगा माझ्यापुढे सरकवल्या.

मग सांगितलं सगळं.

खंडेनवमीला कारखान्यात प्रत्येक यंत्राची पूजा होते, आपल्या मशीनचीही होते. पण आपलं मशीन त्या दिवशी बंद करत नाहीत, कारण पुन्हा उभं करायला अर्धा दिवस जातो. म्हणजे चालू मशीनची पूजा. मोठ्या प्रिंटरचं झाकण उघडून आतल्या रुळांना हळदकुंकू लावायचं. झाकण उघडं असलं की प्रिंटर थांबतो आणि कन्सोल, म्हणजे ऑपरेटरपुढचा पडदा, घंटी वाजवत बसतो. त्या घंटीत आरती ऐकू येईना! म्हणून कोणीतरी डोकं चालवलं — झाकणाखालच्या बटणावर चिकटपट्टी लावली. मशीनला वाटलं झाकण बंद आहे. घंटी बंद, आरती सुरू.

मला हे सगळं माहीत होतं. दरवर्षी बघते. हनुमंत अजून तसंच करतो, मला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही.

शहाऐंशी साली आरती चालू असताना दौंडहून पाठवणीचं काम आलं आणि प्रिंटर सुरू झाला. आत एका ऑपरेटरचा कुंकू लावणारा हात होता.

"भैरूचा," आप्पा म्हणाले.

म्हणजे कडबाकुट्टी नव्हे.

नंतर चिकटपट्टी लावू नये अशी नोटीस काढली. "ती भिंतीला कशानं लावली म्हाईत हाय? त्याच पट्टीनं," आप्पा म्हणाले, आणि हसले नाहीत. माणसं ऐकणार नाहीत हे त्यांना कळलं, म्हणून मशीनलाच सांगून ठेवलं. एका जोशीबुवांकडून पुढच्या तेरा वर्षांच्या तिथी काढून आणल्या.

मी विचारलं, मग खूण का नाही केलीत? म्हणाले, "खूण केली की शेजारी कारण लिहायचं, माझाच नियम. आन् मला कारण लिहायचं नव्हतं. कारण लिहिलं की कुणीतरी चौकशी करतं, चौकशीत नाव निघतं."

कोणाचं नाव? तर म्हणाले, दोष माणसाचा नव्हता, पद्धतीचा होता. तेव्हाच्या कुठल्या साहेबाला पाठीशी घातलं असावं. तेव्हा मी दौंडलाच होते, पण आमच्यापर्यंत काही आलं नाही. लाइन बिघडलीय, दोन दिवस काम पाठवू नका, एवढंच सांगितलं होतं.

निघताना काकूंनी कुंकू लावलं, ओटीत शेंगा घातल्या. आप्पा स्टँडपर्यंत सोडायला आले. या वयात!

११ ऑक्टोबर

साहेबांना सगळं सांगितलं. ऐकून खाली बसले. म्हणाले, सुषमाबाई, बसवा परत. माझ्या हट्टाने काढलात, माझ्या सहीने बसवा. वरचा माणूस असं बोलला की कामाला दहा हात फुटतात.

१३ ऑक्टोबर

आधी जुनाच गोळा टेस्ट सिस्टीमवर बसवून बघितला. तारीख अठरा ऑक्टोबर केली, दौंडच्या नावाने खोटं काम पाठवलं. रोखलं नाही! सरळ छापून बाहेर. काम कुठून आलं हा आकडाही नव्या सिस्टीमने दुसरीकडे हलवलाय. तुकडा जुन्या जागी बघतो, तिथे काही दिसत नाही, आणि गुपचूप सोडून देतो.

म्हणजे जुलैत मी आंधळेपणाने तसाच ठेवला असता, तरी खंडेनवमीला तो कामाला आलाच नसता. आणि आपण बसवलाय म्हणून मी निश्चिंत असते! न समजता टाकणं वाईट, तसं न समजता जपणंही वाईट.

नव्याने लिहायला घेतला.

१६ ऑक्टोबर

झाला. चाळीस ओळी. अठरा तारीख घातली, रोखतो. सतरा घातली, सोडतो. एकोणीस, सोडतो. पंधरा वेळा करून बघितलं. तिथींची यादी वेगळ्या फायलीत ठेवली, दर गुढीपाडव्याला नवी तारीख भरायची. जोशीबुवांच्या ऐवजी आमच्या सासूबाई!

प्रत्येक ओळीला खूण केली. कारणही लिहिलं: खंडेनवमीला प्रिंटरमध्ये माणसाचा हात असतो.

हनुमंतला बजावलं, यंदा पट्टी लावायची नाही. हो मॅडम, हो मॅडम, म्हणाला.

१८ ऑक्टोबर, सोमवार. खंडेनवमी

नवी साडी नेसून गेले, पण जेवले नाही. मशीनला झेंडूचे हार, केळीचे खुंट. साहेबांनी नारळ फोडला, पाणी मशीनपासून लांब पडेल अशा बेताने.

प्रिंटरचं झाकण उघडं. मी वाकून बघितलं — बटणावर पट्टी! हनुमंतकडे बघितलं तर तो आरतीची टाळी वाजवत माझी नजर चुकवत होता. ओरडावं म्हणून पुढे झाले, तेवढ्यात त्याने कुंकवाचं बोट आत घातलं.

मी कन्सोलकडे बघितलं. अकरा वाजून दहा मिनिटं. दौंडचं काम आलं होतं.

रोखलं.

एक ओळ. पाठोपाठ दुसरं काम, तेही रोखलं. प्रिंटर गप्प. हनुमंतने सावकाश पाचही रूळ कुंकवाने भरले, हात बाहेर काढला, पुसला, आणि मला प्रसाद दिला. मी त्याचा हात धरून बोटं मोजली. तो घाबरला, मॅडमला काय झालं म्हणून. मग पट्टी मी स्वतः ओरबाडून काढली आणि त्याला असं काही झापलं की आरतीपेक्षा मोठा आवाज झाला असेल.

आप्पांना फोन केला. रोखलं, एवढंच मी म्हटलं. आप्पा म्हणाले, "बरं झालं, पोरी."

मी किती सुखी बाई आहे! हे आप्पा, हे साहेब, सासूबाई, घरी यायला उशीर झाला तर कूकर लावून ठेवणारे हे. कोणाकोणाचे उपकार मोजू? सगळ्यांनी हाताला धरून इथवर आणलं, मी फक्त चालले.

१९ ऑक्टोबर. दसरा

सुट्टी. झोप, श्रीखंड, पुन्हा झोप.

२० ऑक्टोबर

सकाळी फाटकावर भैरूमामांना सोनं दिलं, पाया पडले. म्हटलं, मामा, कडबाकुट्टी नव्हती, मला आप्पांनी सांगितलं. ते म्हणाले, "नावबी सांगितलं का?" मी म्हटलं, कोणाचं? ते आपट्याची पानं उगीच चुरगळत राहिले. मग म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. एकोणीस वर्साच्या व्हता तुम्ही. तुमाला काय ठावं, हितं पूजा चालू हाय."

काम मी पाठवलं होतं.

तेरा वर्षं रोज सकाळी त्या हाताने त्यांनी मला फाटक उघडून दिलंय.